हळदीच्या चिंध्या आणि एक राहिलेली दुरुस्ती

मंदाकिनी साळवे हिचा मृत्यू गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कल्याणमधल्या एका रुग्णालयात झाला. वय सत्तावन्न. कारण म्हणून फुप्फुसांचा जुनाट विकार लिहिलेला आहे. सांडपाण्याच्या गाळाचं खत करणाऱ्या एका शेडमध्ये तिने अकरा वर्षं काढली होती. त्या शेडचा आणि या विकाराचा काही संबंध आहे, असं कोणत्याही डॉक्टरने लिहिलेलं नाही. मीही लिहीत नाही. मला जेवढं ठाऊक आहे तेवढंच इथे देतो आहे, आणि त्यातला बराचसा भाग माझ्याविरुद्ध जातो.

बातमी मला तिची भाची ऋतुजा हिने फोनवर दिली. तेव्हा पावणेसात वाजले होते. "काका, मावशी गेली." मागे कोणीतरी स्ट्रेचर ओढत असल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "काका, त्या चार ओळींचं काय झालं? ती परवापण विचारत होती..." मी म्हणालो, बघतो. वर्तमानपत्रात पस्तीस वर्षं काढलेला माणूस 'बघतो' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय असतो हे ऋतुजाला ठाऊक नव्हतं. मंदाला ठाऊक होतं.

आम्ही ठाण्याच्या एका शाळेत एका वर्गात होतो. तिचं घर टेंभी नाक्याच्या मागच्या बाजूला, एका खोलीचं. वडील सफाई खात्यात गटारं उपसायच्या कामावर. माझे वडील एका छापखान्यात खिळे जुळवायचे. आठवीत असताना डब्यातल्या भाजीचा हळदीचा डाग माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला. नळावर मंदा माझ्या मागे उभी होती. म्हणाली, "साबण लाव. लाल होईल." मला वाटलं, माझी थट्टा करते आहे. मी साबण लावला आणि डाग रक्तासारखा लाल झाला. नळावरची सगळी पोरं हसायला लागली. "आता नुसतं पाणी मार. परत पिवळा," ती म्हणाली. तसं झालं. हे तिला कोणी शिकवलं, असं मी विचारलं. "आई बाबांचे कपडे धुते, तेव्हा बघितलं," ती म्हणाली. तिच्या बाबांचे कपडे वेगळ्या बादलीत धुतले जात, हे मला पुढे कळलं.

ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली. पहिली नोकरी मानपाड्याजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. तिथे तिचा रंगावरचा विश्वास पक्का झाला. माणूस खोटं बोलतो, आकडा खोटा लिहिता येतो, पण द्रावणाने एकदा रंग बदलला की कोणाच्या बापाचं चालत नाही, असं ती म्हणायची. कारखाना बंद पडल्यावर ती पालिकेच्या नोकरीत लागली आणि खाडीच्या कडेच्या मलप्रक्रिया केंद्रावर तिची नेमणूक झाली. वडील तेव्हा हयात होते. मुलगी एवढी शिकून पुन्हा त्याच घाणीत गेली, हे त्यांना सहन झालं नाही. चार दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी तिने त्यांना सांगितलं, "तुम्ही उचलत होता. मी मोजते." हे तिनेच मला सांगितलं. त्यावर वडील काय म्हणाले, हे मी विचारलं नाही.

केंद्र कोणतं आणि ठेकेदार कोण, ही नावं मी देत नाही. कागद मी पाहिले आहेत, पण ते माझ्याकडे नाहीत. काम कसं चालतं तेवढं सांगतो. शहराचं सांडपाणी केंद्रात येतं, स्वच्छ होऊन खाडीत जातं, आणि मागे उरतो काळा, चिकट गाळ. तो यंत्रात दाबून त्यातलं पाणी काढतात. मग त्यात झाडांच्या छाटलेल्या फांद्यांचा भुसा मिसळून शेडमध्ये लांबच लांब ढीग घालतात. ढीग आतून आपोआप तापतो. काही आठवड्यांनी त्याचं खत होतं. अधूनमधून तो उलथावा लागतो, नाहीतर आत हवा पोचत नाही. आणि उलथला की आत कोंडलेला अमोनिया एकदम बाहेर येतो. डोळ्यांत मिरचीची पूड फेकावी तसा. पालिकेच्या भाषेत याचे दोन प्रकार होते. वास भिंतीबाहेर गेला तर तक्रार. भिंतीच्या आत राहिला तर काम.

आत सात माणसं काम करत. त्यांचा मुकादम नामदेव म्हात्रे, खाडीकाठच्या गावातला, पूर्वी मिठागरावर काम केलेला. मंदाला तो 'बाय' म्हणायचा. मंदाने वायू मोजायचं यंत्र तीनदा मागितलं. तिन्ही वेळा उत्तर आलं की सध्या आवश्यकता दिसत नाही. मग तिने घरची जुनी सुती चादर फाडली, हळदीच्या पाण्यात उकळली, वाळवली आणि तिच्या वीतभर लांबीच्या चिंध्या केल्या. ढिगाच्या वर आडवी दोरी बांधून त्यावर त्या ओल्या करून टांगायच्या. अमोनिया निघाला की पिवळी चिंधी लाल होते. जितक्या लवकर लाल, तितका वायू जास्त. ती वेळ घड्याळात बघून वहीत लिहायची. ढीग क्रमांक, उलथल्याची वेळ, पहिली चिंधी लाल, शेवटची चिंधी लाल, कोणाचे डोळे झोंबले, कोण खोकत बाहेर गेलं. अशा नऊ वह्या आहेत. त्यातले आकडे मी इथे देत नाही, कारण ते कोणत्याही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने तपासलेले नाहीत.

या पद्धतीत एक खोट होती आणि ती मंदाला पहिल्या दिवसापासून माहीत होती. चिंधी वाळली की अमोनिया उडून जातो आणि ती पुन्हा पिवळी होते. शाळेतल्या माझ्या सदऱ्यासारखी. पुरावा टिकत नाही. जो त्या वेळी तिथे उभा आहे त्यालाच तो दिसतो.

मग तिने खनिजं घालून बघायला सुरुवात केली. आधी खडीच्या खाणीतली काळ्या दगडाची भुकटी. त्या भुकटीने ढीग मोकळा राहिला, पण चिंध्या लाल होतच राहिल्या. मग तिने जिओलाइट आणलं. हे आपल्याच सह्याद्रीच्या दगडातल्या पोकळ्यांत सापडणारं खनिज. त्याची फिकट, पांढरट पूड होते. ठरलेल्या प्रमाणात ती गाळात मिसळून तिने एक ढीग घातला, आणि शेजारी पूड न घातलेला दुसरा. चौथ्या उलथणीला तिने मला बोलावलं. मी सकाळी नऊला पोचलेलो. दोन ढीग, दोन दोऱ्या. साध्या ढिगावरच्या चिंध्या उलथणी अर्ध्यावर यायच्या आत लाल झाल्या. जिओलाइटच्या ढिगावरच्या सगळी उलथणी संपली तरी पिवळ्या होत्या. एकीच्या टोकाला थोडा तांबूसपणा आला होता, तोही तिने वहीत लिहिला.

"हे होतं कसं?" मी विचारलं.

"या पुडीच्या कणात खोल्याच खोल्या आहेत," ती म्हणाली. "दिसत नाहीत इतक्या बारीक. अमोनिया आत शिरला की पागडीचा भाडेकरू. हलवून दाखव."

"मग बाहेर कधी निघतो?"

"खत शेतात गेल्यावर. मूळ येऊन दार वाजवतं तेव्हा. तोपर्यंत नत्र खतातच राहतं. शेतकऱ्याला पण बरं, आणि यांच्या डोळ्यांना पण."

नामदेव फावडं टेकून ऐकत होता. "तुमी दोघा ठान्याची मानसा," तो म्हणाला, "तुमाना पागडीच दिसनार." सगळे हसले. त्या शेडमध्ये मी माणसांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तोंडावर फडकी नव्हती म्हणून ते दिसलं.

परत निघताना ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "बातमी कर. पण नीट कर. वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही, हे लिही. अमोनिया नाकाला कळतो, चिंधीला कळतो. पण ढीग ओला राहिला, आत हवा गेली नाही, तर मिथेन निघतो. अजून एक नायट्रस ऑक्साइड म्हणून आहे. त्या दोघांना वास नाही, रंग नाही, पण ते पृथ्वी तापवतात. त्यांचं ऊन पुढच्या पिढीच्या डोक्यावर तापणार. म्हणून तर मीटर मागते मी. आणि खनिजाचं नाव लिही. जि-ओ-लाइट."

मी वहीत लिहून घेतलं. ती वही अजून आहे. शब्द बरोबर लिहिलेला आहे.

छापून आलेल्या बातमीत तो नाही. मथळा होता, 'शेडमधला वास गेला'. मजकुरात होतं, 'पांढरी खनिज पावडर मिसळल्याने दुर्गंधीवर मात करण्यात यश आले.' जिओलाइट हा शब्द उपसंपादकांच्या डेस्कने काढला, असं मी अनेकांना सांगत आलो आहे. ते खरं नाही. तो मीच काढला. आमच्या धंद्यात नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात, की वाचक अडखळेल असा शब्द घालायचा नाही. चहा पिता पिता समजलं पाहिजे. मी पुढे कितीतरी पोरांना हेच शिकवलं. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडचा परिच्छेद जागा नव्हती म्हणून गेला. तो मात्र डेस्कने काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "काय रे पत्रकार, पांढरी खनिज पावडर? मीठ पण पांढरंच असतं. खडूपण पांढराच."

"लोकांना कळायला नको का, मंदा?"

"लोकांना काय कळलं?"

"वास गेला ते."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि हसली. तेव्हा ती अजून हसत होती. बातमी चांगली गाजली. ऑफिसात मला शाबासकी मिळाली. केंद्राच्या परिसरातल्या एका सोसायटीने वर्तमानपत्राचं ते पान लॅमिनेट करून नोटीस बोर्डावर लावलं.

पालिकेत कात्रणं फाइलला लावायची पद्धत आहे. कोणत्याही विभागाची बरी बातमी आली की ती कापून, पांढऱ्या कागदावर चिकटवून, त्यावर शेरा मारून फाइलमध्ये जाते. मंदाने खनिजाचं नाव, कणांचा आकार, प्रमाण आणि उलथणीचं वेळापत्रक यांचा अहवाल इंग्रजीत लिहून दिला होता. तो एका फाइलमध्ये होता. माझं कात्रण दुसऱ्या फाइलमध्ये होतं. पुरवठ्याचा आदेश निघाला तो दुसऱ्या फाइलवरून. मी तो वाचला आहे. त्यात लिहिलं होतं, 'सोबतच्या कात्रणात नमूद केल्याप्रमाणे पांढरी खनिज पावडर.'

नव्या गोण्या एका सोमवारी आल्या. मंदाने एक चिमूट कपात घेतली, पाणी घातलं, त्यात हळदीची चिंधी बुडवली. चिंधी तत्क्षणी लाल झाली. जिओलाइटने असं होत नाही. तो चुना होता.

"हे परत पाठवा," तिने ठेकेदाराच्या सुपरवायझरला सांगितलं.

"का, मॅडम?"

"हा चुना आहे. गाळात चुना घातला की अमोनिया धरला जात नाही, उलट आहे तेवढा सगळा बाहेर निघतो. ही पोरं आंधळी व्हायची."

"मॅडम, पांढरी आहे ना? खनिज आहे ना? पावडर आहे ना?" तो म्हणाला. "ऑर्डरमध्ये एवढंच लिवलंय. तुम्हीच वाचा." त्याने तिच्या हातात आदेश दिला. मागे पिनने लावलेली माझी बातमी होती.

हा संवाद मला नामदेवने सांगितला. मंदाने सांगितला नाही. मी तिला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तो खोटं काही बोलला नाही."

त्या आठवड्यात ढीग उलथले गेले. नामदेव सांगतो की पहिल्या फावड्याला चिंध्या लाल झाल्या, तिसऱ्या-चौथ्या फावड्याला माणसं नळाकडे धावली. "बाय, डोलं लय झोंबतान," एवढं तो म्हणाला आणि त्यालाच खोकल्याची ढास लागली. मंदा आत उभी राहून वेळा लिहीत होती. तिला लहानपणापासून दम्याचा त्रास होता, हे शेडमध्ये कोणाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. तिने लेखी तक्रार केली. पाहणीसाठी साहेब आले ते दुपारी तीन वाजता. तेव्हा उलथणी नव्हती. ढीग शांत होते. दोरीवरच्या चिंध्या वाळून पिवळ्या झालेल्या होत्या. चुन्याने गाळाची सडकी, कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी मात्र खरंच कमी होते, त्यामुळे रस्त्यावर काही येत नव्हतं. साहेबांनी नाक वर करून हवा हुंगली. "मॅडम, तुमच्या चिंध्या तर पिवळ्या आहेत," ते म्हणाले. "सकाळी नऊला या," ती म्हणाली. नऊला कोणी आलं नाही. पाहणीच्या कागदावर 'समाधानकारक' असं लिहून तिच्या सहीसाठी जागा सोडलेली होती. तिने सही केली नाही. पाच आठवड्यांनी तिची बदली जन्म-मृत्यू नोंदणी विभागात झाली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली बाई काउंटरवर बसून दाखल्यांवरच्या नावांचं स्पेलिंग तपासायला लागली.

दुरुस्ती तिने माझ्याकडे तीनदा मागितली.

पहिल्यांदा बदलीच्या आदल्या आठवड्यात, फोनवर. आदेश बातमीवरून निघाला आहे, म्हणजे बातमी दुरुस्त झाली तर आदेश दुरुस्त करायला लावता येईल, असं तिचं म्हणणं होतं. नवं कात्रण फाइलला लागेल. पालिकेच्या कारभाराची तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती होती, आणि तिचं गणित बरोबर होतं. मी म्हणालो, बघतो. मी वरिष्ठांशी बोललो. ते म्हणाले, "चूक काय आहे यात? पावडर पांढरी नव्हती का? कोणाचं नाव चुकलं असतं तर गोष्ट वेगळी." मी वाद घातला नाही. बातमी माझी होती. दुरुस्ती छापली असती तर तीही माझ्याच नावावर जमा झाली असती.

दुसऱ्यांदा तिच्या नव्या काउंटरवर. मी आईच्या मृत्यूचा दाखला आणायला गेलेलो. तिने दाखला तपासला, माझ्या आईच्या नावातली एक चूक काढली, पेनने खूण केली आणि म्हणाली, "हे बघ, एक अक्षर चुकलं तरी लोक माझ्याकडून बदलून घेतात. इथे दोन मिनिटांत होतं. तुमच्याकडे किती लागतात?" रांगेतली माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, या आठवड्यात नक्की. तिने शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तिसऱ्यांदा ठाकुर्लीला, तिच्या घरी. ती आमची शेवटची भेट. मृत्यूच्या अठरा दिवस आधी. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी तिच्या वडिलांचा, सफाई खात्याच्या गणवेशातला. खिडकीत एक दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर दोन पिवळ्या चिंध्या. मला वाटलं, आठवण म्हणून ठेवल्या आहेत. "आठवण कसली? नामदेवला देते," ती म्हणाली. "तो दर पंधरा दिवसांनी येतो. जुन्या फाटल्या की नव्या नेतो. मी नसले तरी टांगतो तो. घड्याळ बघून मला फोन करतो." बोलताना ती मधेच थांबायची. एका वाक्याला दोन श्वास लागायचे. ऋतुजाने चहा आणला. मंदाने उशीखालून घडी केलेला कागद काढला. निळ्या शाईत, तिच्या त्या सरळ, प्रयोगवहीसारख्या अक्षरात चार ओळी लिहिलेल्या होत्या.

"मीच लिहून दिलंय. आता तर तुला शब्दसुद्धा शोधायला नकोत."

मी वाचलं. "चार ओळी आहेत," मी उगाच म्हणालो.

"मोजल्यास? बरं केलंस." तिने चहाचा कप बाजूला सरकवला. "वाचक अडखळेल का रे?"

मी कागद पाकिटात ठेवला. निघताना ती म्हणाली, "माझ्यासाठी नको करू. मला आता वास येत नाही कसलाच. त्या सात जणांना येतो."

पुढचे अठरा दिवस कागद पाकिटात होता. या अठरा दिवसांत मी रोज ऑफिसात गेलो. निवडणुकीच्या याद्यांचं काम होतं, हे खरं आहे. चार ओळी द्यायला वेळ नव्हता, हे खरं नाही.

अंत्यविधी त्याच मंगळवारी दुपारी झाला. शेडमधले कामगार पाळी अर्धवट टाकून थेट आले. ते घराच्या जिन्याखालीच थांबले. ऋतुजा खाली गेली, वर या म्हणाली. नामदेव म्हणाला, "कपऱ्याना वास हाय." ऋतुजा म्हणाली, "तिच्याही असायचा. या." ते वर आले, भिंतीला टेकून ओळीने उभे राहिले. भंतेजींनी त्रिसरण आणि पंचशील दिलं. कार्यालयातून कोणी आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्या मृत्यूची नोंद झाली. ज्या काउंटरवर ती बसायची त्याच काउंटरवर, असं ऋतुजाने सांगितलं. दाखल्यावर 'साळवे'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडलं. ते दुरुस्त करून घ्यायला तिला दोन फेऱ्या माराव्या लागल्या.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक बोलले. तिच्या शिक्षणाबद्दल, जिद्दीबद्दल, साधेपणाबद्दल. मला बोलायचा आग्रह झाला. मी शाळेतली हळदीची गोष्ट सांगितली. लोकांना आवडली. पुढची मी सांगितली नाही. नामदेव शेवटच्या रांगेत बसला होता. बाहेर पडताना त्याने मला गाठलं. त्याच्या हातात एक पिशवी होती. "बायनी शेवटच्या केल्यान्त," तो म्हणाला. आत वीस-पंचवीस चिंध्या होत्या, रबर लावून बांधलेल्या. "या संपल्या की काय करायचा?" त्याने मला विचारलं, जणू मला ते माहीत असणार. मी म्हणालो, हळद घरातली चालते. तो म्हणाला, "हळदीचा नाय विचारत मी."

मी त्याच संध्याकाळी ऑफिसात गेलो आणि कागद टाइप करून दिला. कोणाला काही विचारलं नाही. सगळं मिळून सहा मिनिटं लागली. दुरुस्ती त्या शनिवारी सातव्या पानावर तळाला, एका जाहिरातीच्या वर, छापून आली. चौकट नव्हती. शब्द तिचेच ठेवले:

"या वृत्तपत्रात प्रसिद्ध झालेल्या 'शेडमधला वास गेला' या बातमीत 'पांढरी खनिज पावडर' असा उल्लेख होता. ते खनिज जिओलाइट आहे, चुना नव्हे. सांडपाण्याच्या गाळात चुना मिसळल्यास अमोनिया अडत नाही, बाहेर पडतो. वास न येणे म्हणजे वायू नसणे नव्हे."

त्या कात्रणाच्या दोन प्रती मी स्वतः संबंधित कार्यालयात नेऊन दिल्या आणि पोच घेतली. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "तक्रार आहे का?" मी म्हणालो, नाही, दुरुस्ती आहे. त्याने रजिस्टर चाळलं. 'इतर' या रकान्यात नोंद केली. मूळ आदेशाचं काय होईल, असं मी विचारलं. फाइल वर गेली की कळेल, तो म्हणाला. फाइल वर गेली का, हे मी त्यानंतर चार वेळा विचारलं आहे. आजपर्यंत उत्तर मिळालेलं नाही.

गेल्या सोमवारी मी शेडमध्ये गेलो. नामदेवने फाटकावर सांगून ठेवलं होतं. भिंतीला लागून गोण्यांची थप्पी होती. गोण्यांवर 'पांढरी खनिज पावडर' असं निळ्या अक्षरांत छापलेलं होतं. एक गोणी फोडलेली होती. मी चिमूटभर पूड कागदात घेतली. घरी आणून कपात पाण्यात घातली आणि नामदेवकडून मागून घेतलेली मंदाची एक चिंधी बुडवली. ती लाल झाली.

त्या सकाळी शेडमध्ये उलथणी नऊ वाजून दहा मिनिटांनी सुरू झाली होती. दोरीवर पाच चिंध्या होत्या. नामदेवने त्या ओल्या केल्या, घड्याळ बघितलं आणि सवयीने खिशातून मोबाइल काढला. मग परत ठेवला. नऊ वाजून चौदा मिनिटांनी पाचही लाल होत्या.